रिकामी गादी

ज्या चर्चमध्ये बिशपांची खुर्ची असते त्यालाच कॅथीड्रल म्हणतात. ‘कॅथेड्रा’ म्हणजे आसन, आणि ते आसन जिथे मांडलेले असेल ती वास्तू भव्य असो की साधी, त्या धर्मप्रांताचे मुख्य चर्च तीच ठरते. पोपच्या धर्मसत्तेला ‘होली सी’ म्हणतात त्यातला ‘सी’ हा शब्दही मूळचा आसनवाचकच आहे, त्याचा समुद्राशी काही संबंध नाही. मराठीत या अर्थाला ‘गादी’ हा शब्द चपखल बसतो, कारण गादीवर कोणी बसायचे, ते कोणी ठरवायचे, आणि ठरले नाही तर ती किती दिवस रिकामी ठेवायची, या तिन्ही प्रश्नांची सवय मराठी वाचकाला बखरींपासून आहे. रोममधले पोप आणि लिस्बनमधले पोर्तुगालचे सरकार यांच्यात तीनशेहून अधिक वर्षे जे रुसवेफुगवे, करारमदार आणि उघड फारकती झाल्या, त्या सगळ्या याच तीन प्रश्नांवरून झाल्या. त्यांच्या खुणा पाहायला रोमला किंवा लिस्बनला जावे लागत नाही. वांद्र्याच्या हिल रोडवरून निघून पणजीच्या आल्तिनो टेकडीवर पोहोचणारा एक प्रवास त्यासाठी पुरतो.

या वादाचे पोर्तुगीज नाव ‘पाद्रोआदो’, म्हणजे आश्रयदातृत्व. पंधराव्या शतकात पोर्तुगीज जहाजे आफ्रिकेच्या किनाऱ्याने दक्षिणेकडे सरकू लागली तेव्हा पोपनी १४५५ च्या आणि त्यानंतरच्या फर्मानांनी पोर्तुगालच्या राजाशी एक व्यवहार केला. नव्या मुलखांत चर्च बांधायची, धर्मगुरूंना जहाजातून न्यायचे आणि त्यांचा तनखा द्यायचा ही जबाबदारी राजाची, आणि तिच्या मोबदल्यात तिथल्या बिशपांची नावे सुचवण्याचा हक्कही राजाचाच. पोपनी नाव मंजूर करायचे, पण सुचवायचे राजाने. शिवाय रोमहून येणारे कोणतेही फर्मान लिस्बनच्या दरबाराची संमती घेतल्यावाचून पोर्तुगीज मुलखात लागू होणार नाही, असा दंडकही त्याला जोडला गेला. तेव्हा रोमजवळ ना जहाजे होती ना पैसा, त्यामुळे सौदा स्वस्तात पडला असे तिथे वाटले असावे. १६२२ मध्ये पोप पंधरावे ग्रेगरी यांनी धर्मप्रसाराचे काम थेट आपल्या हाती घेण्यासाठी ‘प्रोपागांडा फिदे’ नावाचे खाते काढले, आणि ते खाते स्वतःचे प्रतिनिधी पूर्वेकडे पाठवू लागले, तेव्हा त्या सौद्याची खरी किंमत कळू लागली. या प्रतिनिधींना ‘व्हिकार अपोस्तोलिक’ म्हणत. हुद्दा बिशपाचा, पण गादी नावापुरती आशियातल्या किंवा आफ्रिकेतल्या एखाद्या लुप्त शहराची, जेणेकरून राजाच्या हक्काला कागदोपत्री धक्का लागू नये. ‘प्रोपागांडा’ हा शब्द पुढे जगभर बदनाम झाला. वांद्रे आणि माहीमच्या जुन्या ख्रिस्ती घरांत मात्र तो केवळ एका पक्षाचे नाव होता.

वांद्रे स्थानकाकडून समुद्राच्या दिशेने हिल रोड धरला की कपड्यांच्या टपऱ्या, चपलांची दुकाने आणि बेकऱ्या यांच्या गर्दीतून पुढे सेंट पीटर्स चर्च लागते, आणि तिथून दहा मिनिटे चालले की त्याच रस्त्यावर, त्याच बाजारात, सेंट अँड्र्यूज. दोन्ही चर्च कॅथलिक पंथाची, दोन्हींतली मिस्सा एकच, दोन्ही आज एकाच आर्चबिशपांच्या अखत्यारीत. मग हाकेच्या अंतरावर दोन धर्मग्राम कशासाठी, हा प्रश्न पायी चालणाऱ्यालाच पडतो, रिक्षाने जाणाऱ्याला पडत नाही. सेंट अँड्र्यूज हे १५७५ च्या सुमारास जेझुइट संघाच्या पाद्र्यांनी बांधलेले. त्याच्या आवारात एकाच दगडातून घडवलेला सतरा फूट उंचीचा क्रूस उभा आहे, आणि त्यावर खिळे, शिडी, हातोडा अशी ख्रिस्ताच्या क्लेशांची चिन्हे इतकी दाटीवाटीने कोरली आहेत की पाथरवटाने दगडाचा एक वीतभर भागही मोकळा सोडलेला नाही. हे चर्च गोव्याच्या, म्हणजे पाद्रोआदोच्या बाजूचे. सेंट पीटर्स १८५० च्या दशकात उभे राहिले ते प्रोपागांडाच्या बाजूच्या लोकांसाठी. वांद्र्यातल्या एकाच गावठाणात, एकाच पाखाडीत राहणारी दोन ख्रिस्ती कुटुंबे रविवारी घराबाहेर पडून एक उजवीकडे आणि दुसरे डावीकडे वळत असे. ती कुठे वळतात हे त्यांच्या श्रद्धेवर अवलंबून नव्हते, त्यांच्या धर्मगुरूची नेमणूक कोणत्या परदेशी शहरातून होते यावर अवलंबून होते.

या दुहेरी व्यवस्थेला ‘दुहेरी अधिकारक्षेत्र’ असे नीरस नाव आहे, आणि तिच्या मुळाशी तिसरा एक गडी आहे. मुंबई बेट पोर्तुगीजांकडून इंग्रजांकडे गेले तरी तिथल्या ख्रिस्ती प्रजेचे धर्मगुरू गोव्याच्या आर्चबिशपांच्या हुकुमातले राहिले, आणि शत्रूच्या मुलखातून आज्ञा घेणारे हे फ्रान्सिस्कन पाद्री ईस्ट इंडिया कंपनीला खुपू लागले. १७२० मध्ये कंपनीने त्यांना बेटाबाहेर काढले आणि रोमने नेमलेल्या कार्मेलाइट व्हिकार अपोस्तोलिकना आणून बसवले. प्रोटेस्टंट इंग्रज व्यापाऱ्यांनी पोपच्या माणसाला निमंत्रण द्यावे, यातला विनोद त्या काळी कोणाला जाणवला की नाही हे कळत नाही, पण हिशेब सरळ होता: पोप लांब होता, गोवा जवळ होता. पुढे १७८९ मध्ये कंपनीने चर्च गोव्याला परत केली, १७९१ मध्ये पुन्हा काढून घेतली, आणि शेवटी १७९४ मध्ये चार चर्चपैकी दोन एका पक्षाला आणि दोन दुसऱ्याला देऊन टाकली. भाऊबंदकीत वाडा वाटतात तशी ही वाटणी झाली, आणि भाऊबंदकीत होते तसेच पुढे झाले.

ते कसे झाले हे माहीमला समजते. माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये आज बुधवारी जी गर्दी लोटते ती सतत सहाय्य करणाऱ्या मातेच्या नोव्हेनासाठी. नोव्हेना म्हणजे सलग नऊ वेळा करायची प्रार्थना. माहीमला ती १९४८ पासून अखंड चालू आहे, आणि तिला येणाऱ्यांत हिंदू, पारशी, मुसलमान असे सगळेच असतात. नवस फेडण्यासाठीच्या मेणाच्या वस्तू फाटकाबाहेर विकायला मांडलेल्या असतात: हात, पाय, पाळण्यातले मूल, आणि अलीकडे घर आणि विमानसुद्धा, कारण मुंबईकराच्या मागण्या त्याच्या शहराप्रमाणे बदलत गेल्या आहेत. सध्याची काँक्रीटची इमारत १९७३ ची आहे. पण याच जागेवरच्या जुन्या चर्चमध्ये १८५३ च्या मार्च महिन्यात बिशप अनास्तासियस हार्टमन यांनी स्वतःला कोंडून घेतले होते. हार्टमन हे स्वित्झर्लंडचे कापुचिन संन्यासी, मुंबईतले रोमचे प्रतिनिधी, आणि १८५० मध्ये मुंबईत ‘एक्झामिनर’ हे कॅथलिक नियतकालिक सुरू करणारे खटपटी गृहस्थ. धर्मग्रामातले बहुसंख्य लोक गोव्याच्या बाजूला झुकले होते आणि चर्चच्या किल्ल्या गोव्याच्या पाद्र्यांना मिळाव्यात अशी त्यांची मागणी होती. बिशप किल्ल्या सोडेनात, लोक दार सोडेनात, आणि पाद्रोआदोवाल्यांनी चर्चला वेढा घालून रसद तोडली. हा प्रकार सुमारे पंधरा दिवस चालला. अखेरीस इंग्रजांच्या मुलकी अधिकाऱ्यांनी मध्ये पडून दरवाजे उघडवले आणि चर्च पाद्रोआदोच्या ताब्यात गेले. रोम आणि लिस्बन यांच्यातल्या खलित्यांमध्ये ज्याला ‘अधिकारक्षेत्राचा प्रश्न’ म्हणत, तो माहीमच्या कोळी-आगरी वस्तीत एका लोखंडी किल्लीच्या रूपाने उतरला होता, हे या प्रकरणात फार नीट दिसते.

त्याच वर्षी मकावचे पोर्तुगीज बिशप मुंबईत आणि सिलोनमध्ये येऊन रोमची परवानगी न घेता धर्मविधी उरकून गेले. त्यावर पोप नववे पायस यांनी पत्र काढून गोव्याच्या बाजूच्या चार धर्मगुरूंना बहिष्काराची तंबी दिली, आणि त्या पत्रावर लिस्बनच्या संसदेत संतापाची भाषणे झाली. पोपच्या बाजूचे लेखक या साऱ्या पर्वाला ‘गोव्याची फूट’ म्हणतात, पण तो शब्द एकतर्फी आहे. गोव्याचे पाद्री श्रद्धेच्या एकाही कलमापासून हटले नव्हते. राजाच्या संमतीवाचून आलेले फर्मान कायदेशीर नाही एवढाच त्यांचा दावा होता, आणि चारशे वर्षांपूर्वी पोपनीच दिलेल्या सनदांच्या आधारे तो अगदीच निराधार म्हणता येत नाही. समेटाचे प्रयत्न १८५७ च्या कराराने झाले, ते पुरले नाहीत, आणि १८८६ मध्ये पोप तेरावे लिओ यांनी पोर्तुगालशी दुसरा करार केला. त्याने पोर्तुगालचा हक्क मोजक्या धर्मप्रांतांपुरता उरला, दमणचा नवा धर्मप्रांत निर्माण झाला, आणि गोव्याच्या आर्चबिशपांना ‘पूर्व इंडीजचे पॅट्रिआर्क’ ही केवळ मानाची पदवी बहाल झाली. पॅट्रिआर्क म्हणजे अनेक आर्चबिशपांच्या वरचा कुलगुरू. इथे मात्र पदवीबरोबर मुलूख आला नाही, उलट मुलूख गेला म्हणून पदवी आली.

दुसऱ्याच वर्षी, १८८७ मध्ये, उत्तर कोकणातल्या मूळच्या मराठीभाषक कॅथलिकांनी स्वतःला ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतले. नोकरीसाठी मुंबईत येणाऱ्या गोमंतकीयांपासून आपण वेगळे, कंपनी सरकारची जुनी प्रजा, हे त्यांना ठसवायचे होते. गावठाणातल्या जुन्या घराच्या ओट्यावर मराठीच्या एका गोड बोलीत गप्पा मारणारा हा समाज आणि त्याचे ते इंग्रजी नाव यांचा मेळ न बसणाऱ्याला एवढे ध्यानात घ्यावे लागते, की ज्या काळात माणसाचे चर्च त्याच्या घरावरून न ठरता वंशावरून ठरत होते, त्या काळात नाव ही चैन नव्हती. मुंबईतली दुहेरी व्यवस्था संपली १९२८ मध्ये, आणि तीही अशा अटीवर की मुंबईचे आर्चबिशप आळीपाळीने एकदा पोर्तुगीज आणि एकदा ब्रिटिश असावेत. त्याप्रमाणे आधी पोर्तुगीज जेझुइट जोआकिम लिमा आणि १९३७ पासून इंग्रज जेझुइट थॉमस रॉबर्ट्स त्या गादीवर आले. भारतीय माणसाचा पाळीत नंबरच नव्हता.

मुंबईहून गोव्याकडे जाणाऱ्या कोकण रेल्वेच्या गाडीतून करमळी स्थानकावर उतरले की जुने गोवे जवळच आहे. ज्या वाटेने मुंबईतल्या धर्मगुरूंच्या नेमणुका येत त्या वाटेने उलटे जाताना, आग्नेय आफ्रिकेपासून जपानपर्यंतचा मुलूख एके काळी या एका गावातून चालत होता यावर विश्वास बसणे कठीण जाते. नारळीच्या झाडांमध्ये मोकळ्या हिरवळी, त्यावर एकमेकींपासून फटकून उभ्या असलेल्या प्रचंड वास्तू, आणि मध्ये शहरच नाही. गोव्याचा धर्मप्रांत १५३३ मध्ये निर्माण झाला आणि सुमारे पंचवीस वर्षांत तो महाधर्मप्रांत झाला. त्याची गादी ज्या से कॅथीड्रलमध्ये आहे, त्याचा एक मनोरा १७७६ मध्ये कोसळला आणि तो पुन्हा कधी बांधला गेला नाही. त्यामुळे दर्शनी बाजूने ही वास्तू एका बाजूस लंगडी दिसते, आणि चित्रकार मंडळी तिचे चित्र काढताना अजूनही थोडी अडखळतात.

समोरच्या बॉम जेझुस बासिलिकेत संत फ्रान्सिस झेवियर यांचा देह आहे. झेवियर १५४२ च्या मे महिन्यात गोव्यात उतरले ते पोर्तुगालच्या राजाच्या जहाजातून, राजाच्या खर्चाने, आणि खिशात पोपचे वकील म्हणून नेमल्याचे पत्र घेऊन. पुढच्या सगळ्या तंट्यातले दोन्ही पक्ष त्या एका माणसात गुण्यागोविंदाने नांदत होते. त्यांनी ते पत्र गोव्याच्या बिशपांपुढे ठेवून, तुमची संमती असेल तेवढाच याचा वापर करीन, अशी भूमिका घेतली. ज्या चांदीच्या पेटीत त्यांचा देह आहे तिला तीन कुलपे होती आणि त्यांच्या किल्ल्या गव्हर्नर, आर्चबिशप आणि मठाचा कारभारी अशा तिघांकडे असत असे सांगतात. माहीमच्या एका किल्लीपेक्षा ही व्यवस्था शहाणपणाची होती.

टेकडीवर सेंट ऑगस्टीनच्या मठाचे अवशेष आहेत, आणि रोम-लिस्बन वितुष्टाचे सर्वांत मोठे दृश्य स्मारक शोधायचे तर ते हेच. १८३३ मध्ये लिस्बनमध्ये उदारमतवादी पक्ष सत्तेवर आला, त्याने पोपच्या वकिलाला देशाबाहेर काढून रोमशी संबंध तोडले, आणि १८३४ मध्ये संन्यासी संघ एका हुकुमाने बरखास्त करून त्यांची मालमत्ता सरकारजमा केली. तो हुकूम गोव्यात लागू झाला आणि ऑगस्टीनियन साधू मठ सोडून गेले. ओस पडलेल्या चर्चचे छत १८४२ मध्ये कोसळले. आज जांभ्या दगडाचा सुमारे ४६ मीटर उंच मनोरा तेवढा अर्ध्या अंगाने उभा आहे. पावसाळ्यानंतर त्या जांभ्याच्या भोकाभोकांतून नेचे उगवतात, आणि जमिनीवर थडग्यांच्या शिळांवरची पोर्तुगीज अक्षरे शेवाळाखालून अर्धीमुर्धी वाचता येतात. दगडांना पावसापेक्षा राजकारणाने जास्त त्रास दिला, असे इथे म्हणावेसे वाटते. मनोऱ्यातली मोठी घंटा १८७१ पासून पणजीच्या चर्चमध्ये आहे. लिस्बनचे साधू गेल्याची संधी साधून रोमने भारतात कलकत्ता, मद्रास, सिलोन असे आपले प्रतिनिधी नेमण्याचा सपाटा लावला, आणि २४ एप्रिल १८३८ च्या ‘मुल्ता प्रेक्लारे’ या फर्मानाने कोचीन, क्रांगानोर, मैलापूर आणि मलाक्का हे धर्मप्रांत गोव्याच्या अधिकारातून काढून घेतले. माहीमचा वेढा हा त्या फर्मानाचा नातू.

व्हाइसरॉयच्या कमानीखालून नदीवर उतरले की दिवाडीची फेरीबोट मिळते. सपाट तळाची ही लोखंडी बोट, तिच्यावर स्कूटर, माशांच्या टोपल्या, शाळेची मुले. पायी जाणाऱ्याला पैसे पडत नाहीत, आणि पलीकडे पोहोचायला गप्पांचा एक विषय पुरा होण्याइतकाही वेळ लागत नाही. दिवाडी बेटावर सोळाव्या शतकाच्या अखेरीस मातेउश दे काश्त्रो यांचा जन्म झाला. बाटलेल्या ब्राह्मण घराण्यातला हा बुद्धिमान मुलगा धर्मगुरू व्हायला निघाला, पण गोव्यात एतद्देशीयांसाठी ती वाट अरुंद होती, म्हणून तो थेट रोमला पोहोचला. तिथे प्रोपागांडाला नेमका असाच माणूस हवा होता. त्यांनी त्याला दीक्षा दिली, गोव्याला पाठवले, आणि गोव्याने त्याची रोमची कागदपत्रे मानायला नकार दिल्यावर १६३७ मध्ये त्याला बिशप करून पुन्हा पाठवले. तो बिशप झालेला पहिला गोमंतकीय होता, आणि गोव्यातच त्याला बिशपाचे काम करायची मनाई होती.

मग तो नदीपलीकडे गेला. दिवाडीच्या उत्तर टोकाला नार्वे फेरीचा धक्का आहे, आणि समोरच्या काठावर डिचोली तालुक्यातले नार्वे. आज ही फेरी एका तालुक्यातून दुसऱ्यात नेते. तेव्हा ती पोर्तुगालमधून विजापूरच्या आदिलशाहीत नेत असे. दिवाडीवरचे सप्तकोटेश्वराचे देऊळ पोर्तुगीजांनी पाडल्यावर देवाचे लिंग याच पाण्यावरून पलीकडे नेण्यात आले, आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी नार्व्याला त्याचे देऊळ बांधून दिले. देव नदीपलीकडे गेल्यावर काही दशकांनी पोपचा बिशपही तीच वाट धरून आदिलशहाच्या आश्रयाला जातो, डिचोलीत चर्च बांधतो आणि तिथून गोव्याच्या आर्चबिशपांशी भांडतो, ही घटना धर्माच्या इतिहासात बसवणे अवघड आहे. नदीच्या इतिहासात मात्र ती सहज बसते. काश्त्रो तापट होता. १६५३ मध्ये त्याने गोव्यातल्या ख्रिस्ती ब्राह्मणांना उद्देशून पोर्तुगीजांविरुद्ध एक जळजळीत पत्रक लिहिले, आणि डचांना व आदिलशहाला गोव्यावर चालून येण्यास तो चिथावतो असा आरोप त्याच्यावर होता. उतारवयात तो रोमलाच राहिला आणि तिथेच वारला. प्रोपागांडाने त्याला वापरला, पाद्रोआदोने त्याला हाकलला, आणि दोघांपैकी एकालाही त्याच्या मूळ तक्रारीत, म्हणजे गोव्याच्या माणसाला गोव्याच्या गादीवर का बसता येऊ नये या प्रश्नात, फारसा रस नव्हता.

ती गादी त्याच सुमारास रिकामी होती. १६४० मध्ये पोर्तुगालने स्पेनचे जू झुगारले, पण स्पेनच्या दबावाखाली असलेल्या रोमने पोर्तुगालच्या नव्या राजाला राजा म्हणून मान्यताच दिली नाही. आणि जो राजा नव्हे त्याने सुचवलेले नाव मंजूर कसे करायचे? स्पेन आणि पोर्तुगाल यांचा तह १६६८ मध्ये झाला तोवर पोर्तुगालच्या साम्राज्यात बिशपांच्या गाद्या एकेक करून ओस पडत गेल्या, आणि १६५२ मध्ये आर्चबिशप वारल्यावर गोव्याचे आसनही सुमारे दोन दशके रिकामे राहिले. पोपजवळ सैन्य नाही आणि राजाला पोपवर चालून जाता येत नाही, अशा भांडणात हत्यार उरते ते एकच: माणूस नेमायचाच नाही. रक्त सांडत नसल्यामुळे हे हत्यार सभ्य दिसते. पण नवे धर्मगुरू दीक्षेविना राहतात, म्हाताऱ्या धर्मगुरूंच्या जागा भरत नाहीत, आणि गावोगावच्या बाप्तिस्म्याच्या वह्यांत सह्या करणारे हात कमी होत जातात.

परतीच्या फेरीने रायबंदरच्या धक्क्यावर उतरता येते. रायबंदर म्हणजे जुने गोवे आणि पणजी यांमधला, पाणथळीतून बांधलेल्या तीन किलोमीटरच्या पोर्तुगीज बांधरस्त्याच्या टोकाचा गाव. एका अंगाला मांडवी, दुसऱ्या अंगाला मिठागरे, आणि रस्त्याला खेटून खिडक्यांची जुनी घरे. इथे सेंट मेरी नावाचे एक लहान ऑर्थोडॉक्स चर्च आहे. कॅथलिक गोव्यात सीरियन परंपरेचे चर्च काय करते, याचे उत्तर पुन्हा १८८६ च्या करारात सापडते. आंतोनियो फ्रान्सिस्को झेवियर आल्व्हारिस हे वेर्ण्याचे, १८३६ मध्ये जन्मलेले गोमंतकीय कॅथलिक धर्मगुरू आणि वृत्तपत्रांचे संपादक. गोव्याच्या पाद्र्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेली ब्रिटिश मुलखातली चर्च कराराने प्रोपागांडाकडे गेली, तेव्हा रोम आणि लिस्बन दोघांवरचाही त्यांचा विश्वास उडाला, आणि १८८९ मध्ये केरळात जाऊन त्यांनी सीरियन ऑर्थोडॉक्स परंपरेत बिशपपद घेतले. तिथे त्यांचे नाव मार ज्युलियस. कॅथलिक चर्चने त्यांना बहिष्कृत केले, पोर्तुगीज सरकारने अटक केली. उतारवयात ते गोव्यात परतले, कॉलऱ्याच्या साथींत रोग्यांची सेवा करत राहिले, दुष्काळात लोकांना टॅपिओका पिकवायला शिकवत राहिले, आणि १९२३ मध्ये रायबंदरच्या इस्पितळात वारले. आता त्यांच्या अस्थी या चर्चमध्ये आहेत. २०१५ मध्ये मलंकरा ऑर्थोडॉक्स चर्चने त्यांना संत म्हणून जाहीर केले. त्याच वर्षी जानेवारीत कोलंबोत पोप फ्रान्सिस यांनी दुसऱ्या एका गोमंतकीयाला, जुझे वाझ यांना, संतपद दिले होते. एकाच वर्षात गोव्याला दोन संत मिळाले, आणि ते दोघे एकमेकांच्या यादीत नाहीत.

पणजीत पोहोचल्यावर आल्तिनोची चढण लागते. फोंताइन्यासच्या गल्ल्यांमागून वर जाणाऱ्या या टेकडीवर आर्चबिशपांचा वाडा आहे, आणि प्रवासाचा शेवटचा भाग कागदी आहे. स्वतंत्र भारताने १९४८ मध्ये रोमशी राजनैतिक संबंध जोडले तेव्हा मुंबईच्या आर्चबिशपांचे नाव सुचवायचा अधिकार अजून पोर्तुगालकडे होता, आणि दिल्लीला ते चालण्यासारखे नव्हते. १८ जुलै १९५० च्या करारान्वये पोर्तुगालने भारतीय हद्दीतला हा हक्क सोडला. रॉबर्ट्स यांनी तर आधीपासूनच बाजूला होऊन जागा मोकळी केली होती, आणि वर्षअखेर व्हॅलेरियन ग्रेशियस मुंबईचे पहिले भारतीय आर्चबिशप झाले. १९५३ मध्ये त्यांना कार्डिनल केले गेले, आणि त्याच वर्षी गोव्याच्या महाधर्मप्रांताचा भारतीय हद्दीतला भाग काढून बेळगावचा धर्मप्रांत तयार झाला. लिस्बनमध्ये पोर्तुगालचे हुकूमशहा सालाझार यांना यामागचा रोख कळत होता. १९५५ मध्ये पंडित नेहरू पोप बारावे पायस यांना भेटले आणि गोव्याचा प्रश्न धार्मिक नाही, राजकीय आहे, असे पोपांचेही मत असल्याचे त्यांनी नंतर सांगितले. १९६४ च्या डिसेंबरात, गोवा पोर्तुगालच्या हातून जाऊन तीन वर्षे होत असताना, पोप सहावे पॉल जागतिक युखारिस्त परिषदेसाठी मुंबईत आले तेव्हा पोर्तुगाल सरकारने तो उघड अपमान मानला, आणि कट्टर कॅथलिक म्हणवणाऱ्या त्या राजवटीने पोपच्या यात्रेच्या बातम्या आपल्या वृत्तपत्रांत दाबल्या.

गोव्यात मात्र रोमने घाई केली नाही. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. पुढच्या वर्षी पॅट्रिआर्क जुझे व्हिएरा आल्व्हेर्नाझ गोवा सोडून गेले आणि आसोरेस बेटांवरच्या आपल्या मायभूमीत परतले. नवे आर्चबिशप नेमले तर भारताचे सार्वभौमत्व मानल्यासारखे होईल, आणि पोर्तुगाल ते अजून मानत नव्हते, म्हणून आल्व्हेर्नाझ हजारो मैलांवर राहून कागदोपत्री गोव्याचे आर्चबिशप राहिले, आणि आल्तिनोवरून कारभार गोमंतकीय प्रशासकांनी पाहिला. सतराव्या शतकातली युक्ती विसाव्या शतकात पुन्हा वापरली गेली होती, फक्त या वेळी आसन रिकामे आहे असे म्हणायचीही सोय नव्हती. ३१ डिसेंबर १९७४ च्या करारात पोर्तुगालने गोव्यावरचे भारताचे सार्वभौमत्व मान्य केले. त्यानंतर १९७५ मध्ये आल्व्हेर्नाझ यांचा राजीनामा मंजूर झाला, आणि १९७८ मध्ये राऊल निकोलाव गोन्साल्विस गोव्याचे आर्चबिशप झाले. १९७२ पासून सहा वर्षे त्यांनी त्या खुर्चीचा सगळा कारभार तिच्यावर न बसता केला होता. १८८६ च्या करारातून आलेली ‘पूर्व इंडीजचे पॅट्रिआर्क’ ही पदवी त्यांच्या नावापुढे लागली, आणि ती त्या गादीला अजूनही आहे.